मास्तरांच्या कपाटाला फुटलेला घाम

"अरे, स्पायडरमॅनला घाम फुटलाय. एकट्याला नाही, सगळ्यांनाच."

मास्तरांचा हा फोन आला तेव्हा २०२४चा ऑगस्ट संपत आला होता आणि गणपतीची चवथ अकरा दिवसांवर होती. फोंडा तालुक्यातल्या त्यांच्या घरात झाडलोट सुरू होती. पाहुण्यांना झोपायला मागची खोली मोकळी करायची म्हणून त्यांनी काचेच्या कपाटांतले सामान पंधरा महिन्यांनी पहिल्यांदा बाहेर काढायला घेतले, आणि हातात घेतलेली पहिलीच फिगर बोटांना चिकटली. फणस सोलल्यावर हाताला राहतो तसा चीक, असे ते म्हणाले. मी रविवारी जाऊन पाहिले. वर्णनात अतिशयोक्ती नव्हती.

मी पणजीत नोकरी करतो. अ‍ॅक्शन फिगर्सची, म्हणजे कॉमिक्समधल्या पात्रांच्या सांधे हलणाऱ्या प्लास्टिकच्या पुतळ्यांची, दुरुस्ती हा माझा सुटीचा उद्योग आहे. तुटलेली मनगटे, सैल गुडघे, पुसट झालेले डोळे अशी कामे ओळखीतून येत राहतात. त्यांतले हे एक प्रकरण तपशिलाने लिहावेसे वाटले, कारण इथे नुकसान निष्काळजीपणातून झाले नव्हते. मास्तरांइतका जपणारा संग्राहक मी पाहिलेला नाही. त्यांच्या आईने टोपलीत टाकून दिलेली खेळणी मात्र धडधाकट निघाली, आणि ते मास्तरांना सगळ्यात जास्त लागले.

संग्रह

एकूण २१२ फिगर्स. सुरुवात वेताळापासून, म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमपासून, झालेली. इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत, ते मास्तरांनी वाचले. १९९० मध्ये ते बंद पडले तेव्हा मास्तर आठवीत होते. शेजारचे एक तारवटी काका बोटीवरून सुटीला आले ते त्यांच्यासाठी वेताळच घेऊन आले. गलूब या अमेरिकी कंपनीने १९८०च्या दशकात वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र आणून फिगर्सची एक मालिका काढली होती, त्यातला हा. पुस्तकातला माणूस हातात धरता येतो हे तेव्हा कळले, आणि मास्तर त्यातून सुटले नाहीत.

मग आले जी. आय. जो, म्हणजे खेळण्यातले अमेरिकी सैनिक. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९८२ साली पावणेचार इंची आकारात आणलेल्या या मालिकेची गोष्ट मार्व्हलच्या कॉमिकने घडवली, आणि पुठ्ठ्यामागची पात्रांची माहितीपत्रे त्या कॉमिकचे लेखक लॅरी हामा लिहीत. आपल्याकडे हे जवान फनस्कूलने बनवले. एमआरएफने हॅस्ब्रोच्या साथीने १९८७ मध्ये उभी केलेली ही कंपनी, आणि तिचा कारखाना गोव्यात. भारतीय जवानांचे रंग कित्येकदा मूळ अमेरिकी जवानांहून भलतेच वेगळे असत. त्या वेगळेपणासाठी आज परदेशातले संग्राहक ते शोधत असतात. मास्तरांकडे असे ६४ होते. इथेच बनलेले, इथेच खेळले गेलेले.

बाकीचे १४८ बहुतेक नोकरी लागल्यानंतरचे. त्यांत ९७ सहा इंची, ३८ सात इंची, वेताळासारख्या जुन्या ९, आणि खरे कपडे घातलेल्या बारा इंची ४. या चौघांची किंमत उरलेल्या सगळ्यांना जड जाईल अशी. सहा-सात इंची मालातल्या २३ फिगर्स अजून सीलबंद खोक्यात होत्या.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७०वर. देशी खेळणी उद्योगाला बळ मिळावे हा हेतू. संग्राहकासाठी त्याचा अर्थ असा झाला की गेलेली वस्तू पुन्हा घेणे परवडेना. मास्तरांची खरेदी थंडावली आणि राखण वाढली. पुढच्या कपाटाचे मूळ इथे आहे.

कपाट

२०२३च्या मे महिन्यात, मिरगाच्या आधी, त्यांनी मागच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियम आणि काचेची तीन कपाटे बसवून घेतली. सुताराला सांगितले होते, मुंगी शिरता कामा नये. दारांना फोमची पट्टी, सांध्यांना सिलिकॉन. प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या, निळ्याच्या गुलाबी झाल्या की बदलायच्या. त्यासाठी दार दोन बोटे उघडून पुडी तेवढी सरकवायची, फिगरला हात लावायचा नाही. सुट्या फिगर्सपैकी ७९ झिपच्या पॉलिथिन पिशव्यांत गेल्या, सीलबंद खोक्यांना क्लिंग फिल्मचे दोन वेढे बसले. ज्या पाहायला आवडत त्या ४२ पिशवीविना उभ्या, पायाखाली पारदर्शक प्लास्टिकचे स्टँड. वरच्या बाजूला एलईडीची पट्टी आणि तिचा अ‍ॅडॉप्टर, तोही कपाटाच्या आतच, कारण वायर बाहेर दिसलेली बरी दिसत नाही. संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला की दिवे लावून ते समोर बसत. दिवे जेवणापर्यंत चालू राहत.

जी. आय. जो या कपाटात मावले नाहीत. ते आईंच्या ताब्यात गेले. आई त्यांना बाहुल्याच म्हणतात. (मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने हॅस्ब्रोने १९६४ साली 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द चालवला. आईंपर्यंत तो साठ वर्षांत पोचलेला नाही.) त्यांनी ते वेताच्या टोपलीत भरून ओसरीवर ठेवले, नातवंडांनी खेळावे म्हणून.

तपास

पहिला संशय अर्थातच पावसावर. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. चिऱ्याच्या भिंती पाणी ओढतात, जुलैत चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते, कपाटातले कपडे कुबट होतात. त्यामुळे इथे काहीही बिघडले की दमटपणाचे नाव घ्यायची सवयच आहे. मास्तरांनी तर दुसरे निदान ऐकून घ्यायलाही आधी नकार दिला.

म्हणून मी आर्द्रतामापक नेले. खोलीत ८९ टक्के. कपाटात ६१. सिलिका जेल आपले काम चोख करत होते. ६१ टक्क्यांना बुरशीसुद्धा धरत नाही, आणि ती कुठे नव्हतीही.

मग आम्ही जमिनीवर चादर पसरून मोजणी केली. पिशवीतल्या ७९पैकी ५८ चिकट. पिशवीविना उभ्या असलेल्या ४२पैकी फक्त ९, आणि त्या नवांतल्या सात सगळ्यात वरच्या फळीवरच्या. चिकटपणा अंगभर सारखा नव्हता. डोके, पंजे, बूट आणि झगे बुळबुळीत. छाती आणि पाठ बहुतेकांची कोरडी. हा नकाशा पाहिल्यावर पाण्याचा संशय मी सोडून दिला.

फिगरच्या शरीरात साधारण दोन प्रकारचे प्लास्टिक असते. धड आणि कडक भाग एबीएसचे. डोके, हात, झगा असे मऊ किंवा बारकाव्याचे भाग पीव्हीसीचे. पीव्हीसी मूळचे कडक असते, त्याला मऊपणा येतो तो प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवाने. मऊ पीव्हीसीत हा द्रव वजनाच्या तीस टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतो, आणि तो प्लास्टिकच्या रेणूंना बांधलेला नसतो, नुसता त्यांच्यामध्ये शिरून बसलेला असतो. लोणच्याच्या फोडीला तेल सुटावे तसा तो हळूहळू पृष्ठभागावर येतो. उष्णता मिळाली की लवकर येतो. मोकळ्या हवेत थोडाथोडा उडून जातो, कोंडून ठेवले तर अंगावरच साचतो.

पॉलिथिनची पिशवी तर याच्या पुढची. पॉलिथिन हा द्रव शोषून घेते. पिशवीने थोडा ओढला की आतून तेवढा बाहेर येतो, तो पुन्हा पिशवी ओढते. मास्तरांच्या पिशव्या सुरकुतल्या होत्या, आतून तुपकट लागत होत्या. ते पाहून त्यांनी पहिल्यांदा मान हलवली.

उष्णता कुठून आली तेही मोजले. दिवे चार तास लावून ठेवले. खोलीत २९ अंश, खालच्या फळीवर ३१, वरच्या फळीवर ३६. पट्टीपेक्षा अ‍ॅडॉप्टर जास्त तापत होता. हे पावसाळ्यातले आकडे. एप्रिल-मेच्या संध्याकाळी, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत असताना तिथे काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

तरी मास्तरांचे पूर्ण समाधान होईना. तेव्हा त्यांच्याच तोंडून शेवटचा पुरावा आला. सहा इंची स्पायडरमॅन त्यांनी एकसारखे दोन घेतले होते, एका खेपेला, एकाच दुकानातून. एक कपाटात पिशवीत. दुसरा शाळेच्या शिक्षक-खोलीत त्यांच्या टेबलावर, पेनांच्या डब्याला टेकून. सोमवारी त्यांनी तो घरी आणला आणि मला फोटो पाठवला. धूळ होती, खिडकीकडची बाजू उन्हाने फिकी पडली होती, एका बोटावर लाल शाईचा डाग होता. पण अंग ठणठणीत कोरडे. खिडकी उघडी असलेल्या खोलीत दोन पावसाळे काढलेला हा भाऊ कोरडा, आणि ६१ टक्क्यांत जपलेला भाऊ चिकट. यावर फोनवर बराच वेळ कुणी बोलले नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, कारण संग्राहकांमध्ये यावरून घोळ आहे. "फिगर मोकळ्या हवेत ठेवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. संग्रहालयवाल्यांचे मत वेगळे आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात इव्हॉन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीवर जे काम केले त्याचा निष्कर्ष असा की, प्लास्टिसायझर उडून जाणे हीच पीव्हीसीची खरी झीज. तो गेला की वस्तू आक्रसते, कडक होते, तडकते. म्हणून तो न शोषणाऱ्या बंद पात्रात, म्हणजे काचेत, वस्तू जास्त टिकते आणि पॉलिथिनमध्ये कमी. म्हणजे मास्तरांची काच चुकीची नव्हती. चुकीच्या होत्या त्या पिशव्या आणि ती भट्टी. शिक्षक-खोलीतला कोरडा स्पायडरमॅन आज छान दिसतो, पण तीस वर्षांनी तो त्याच्या भावापेक्षा ठिसूळ झालेला असू शकतो. पुढची सगळी आखणी या दोन मतांच्या मधून वाट काढत झाली.

मास्तरांनी आणखी एक रास्त प्रश्न विचारला. भाच्याच्या हाताला हा चीक लागला तर? थॅलेट जातीच्या काही प्लास्टिसायझरांवर युरोपने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या खेळण्यांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, तेव्हापासून कारखान्यांनी दुसरी द्रव्ये वापरायला घेतली. पाझरण्याचा गुण त्यांनाही आहे. हात साबणाने धुवायचे आणि तोंडात घालू द्यायचे नाही, एवढे मी सांगितले.

धुणे

मी पोचण्याआधी घरात दोन उपचार होऊन गेले होते. आईंनी वोल्व्हरिनला खोबरेल लावले. फणसाचा चीक खोबरेलाने जातो, मग हा का जाऊ नये, हा त्यांचा तर्क. चीक गेल्यासारखा वाटला, दुसऱ्या दिवशी तेलावर धूळ बसून वोल्व्हरिन काळा पडला. मास्तरांनी स्वतः कॅप्टन अमेरिकाला सॅनिटायझर चोळले. चिकटपणा गेला, त्याबरोबर एक डोळा आणि अर्धी भुवईही गेली. अल्कोहोलने फिगरवरचा रंग सुटतो. तो डोळा मी पुढे बारीक कुंचल्याने काढून दिला, पण कॅप्टन आता जरासा तिरळा आहे. मास्तरांनी तो तसाच ठेवायचे ठरवले.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. एका वेळी दहाच फिगर्स घ्यायच्या, नाहीतर शेवटच्याला घाईचे हात लागतात. सांधे पूर्ण वाकवून आतला चीक काढायचा, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढायच्या, सुती पंचावर टिपायच्या आणि पंख्याखाली सावलीत एक रात्र ठेवायच्या. ज्यांच्या आत लोखंडी स्क्रू किंवा पिना आहेत त्या बुडवायच्या नाहीत, ओल्या फडक्याने पुसायच्या. कापडी भाग आधी उतरवायचा. पुठ्ठ्याला आणि चिकटवलेल्या स्टिकरला पाणी लावायचे नाही. ६७ चिकट फिगर्सना पाच रविवार लागले, मध्ये चवथीचा एक बुडाला. १९ फिगर्स दुसऱ्यांदा धुवाव्या लागल्या, कारण आठवड्याभरात त्यांना पुन्हा पाझर फुटला.

वाकड्या झालेल्या तलवारी आणि फाकलेले पाय हे सोपे काम. जवळपास उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचे, हाताने सरळ करायचे आणि लगेच थंड पाण्यात बुडवायचे. प्लास्टिक तो आकार धरून ठेवते. आईंना हे फार आवडले. निम्म्या तलवारी त्यांनीच सरळ केल्या.

वाईट अवस्था होती स्टँडची. त्या नऊ चिकट फिगर्सच्या पायाखालचे पॉलिस्टायरीनचे स्टँड बुटांतून पाझरलेल्या द्रवाने मऊ होऊन खचले होते. डेअरडेव्हिलच्या दोन्ही टाचांचे ठसे त्यात स्पष्ट उमटले होते, ओल्या सिमेंटवरून कुत्रे गेल्यासारखे. तो ओढून काढताना डाव्या बुटाचा लाल रंग स्टँडवरच राहिला.

बॅटमॅन

बारा इंचींतले तिघे बरे होते. चौथा बॅटमॅन, मास्तरांनी २०१६ मध्ये दुसऱ्याकडून घेतलेला, त्याच्याकडे पाहून मी आधी काहीच बोललो नाही. त्याचा चामड्यासारखा दिसणारा काळा सूट आणि झगा सोलवटून पडत होता. बोट लावले की काळी खपली उडे आणि खालचे करडे जाळीदार कापड दिसे.

याला धुणे नाही, पॉलिश नाही. नकली चामडे म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हवेतली वाफ त्या थराचे बंध एकेक करून तोडत जाते. गोव्यात राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाच वर्षे पेटीत ठेवलेले बूट लग्नाच्या दिवशी बाहेर काढले की तळवे भुगा होऊन हातात येतात, रेक्झिनचा सोफा दोन पावसाळ्यांत सापासारखी कात टाकतो. तोच प्रकार. सुरू झाला की थांबत नाही. आठ वर्षांतली पहिली सात हा बॅटमॅन उघड्या शेल्फवर होता, म्हणजे हे नुकसान कपाटाचे नव्हतेच. इथे मात्र मास्तरांचा दमटपणाचा संशय अगदी खरा होता, आणि निदान एका बाबतीत तरी आपले बरोबर निघाले याचे त्यांना समाधान वाटले असावे.

मास्तरांच्या भावाने सुचवले, आहे तसा विकून टाक. कुणी घेतला नसता. मी सुचवले, सगळी खपली उतरवून करड्या कापडात उभा करू. तोडगा निघाला तो मास्तरांच्या दुसऱ्या नादातून. ते देवळाच्या उत्सवी नाटकात दरवर्षी काम करतात, आणि नाटकाचा कपडेपट सांभाळणारा फोंड्यातला शिंपी त्यांच्या ओळखीचा. मास्तर बॅटमॅनला रुमालात गुंडाळून त्याच्याकडे घेऊन गेले. शिंप्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "पौराणिक की सामाजिक?"

त्याने जाड काळ्या सुती कापडाचा झगा बेतला, आतून अस्तर, कडेला बारीक तार भरून, म्हणजे झग्याला घडी घालता येते. सूटसाठी त्याने ताणणारे काळे होजिअरी कापड वापरले. पैसे घेतले अडीचशे. मूळ वस्तूच्या मोलाचे म्हणाल तर ते गेले ते गेले, संग्राहकांच्या बाजारात कपडे बदललेली फिगर अर्धी मेलेली. पण सुती कापड गोव्यात टिकते. कपाटातली सगळ्यात देखणी फिगर आज तीच आहे, असे मला वाटते. मास्तरांना अजून तसे वाटत नाही.

टोपली

ओसरीवरच्या टोपलीतल्या ६४ जवानांपैकी चिकट एकही नव्हता. बंद पिशवी नाही, दिवा नाही, दिवसभर वारा, वर मुलांचे हात. तीन जणांचे अंगठे तुटले होते, बंदूक जबरदस्तीने हातात कोंबली की ते तुटतातच. बाकी बिघाड होता तो कमरेत. पावणेचार इंची जी. आय. जोचे वरचे आणि खालचे अंग आतल्या एका रबरी रिंगवर तोललेले असते. पायांच्या मधल्या लोखंडी आकड्यातून ही रिंग कमरेतून वर जाते आणि छातीतल्या स्क्रूभोवती अडकते. तिच्यामुळे जवान कमरेत असा झोकात वळतो. तीस वर्षांचे रबर वाळून तुटते आणि जवानाचे दोन तुकडे हातात येतात. ४१ जवान असे दुभंगलेले होते.

हे काम मी आनंदाने केले. पाठीत एकच स्क्रू असतो. फोंड्यातल्या पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मापाच्या रिंगा मिळाल्या, मूठभर घेतल्या. गंजलेले स्क्रू उघडायला आदल्या रात्री यंत्रतेलाचा एक थेंब, तरीही चार स्क्रूंची डोकी घासली गेली. ते जवान तसेच राहिले. मास्तरांचा भाचा तिसऱ्या जवानापासून स्वतःच रिंगा घालू लागला. त्याची बोटे बारीक, माझ्यापेक्षा त्याला ते लवकर जमले.

मास्तरांनी मग ही टोपली मागून पाहिली. परदेशात या रंगांना मागणी आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यांनी ती कपाटात घेऊन जायचे ठरवले. आईंनी दिली नाही. "तुझ्या कपाटात नको," एवढेच म्हणाल्या.

नवी मांडणी

कपाटे मोडली नाहीत. अ‍ॅडॉप्टर बाहेर काढला, दिव्यांना अर्ध्या तासाचा टायमर लावला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा. पॉलिथिन सगळे फेकले. फोमची पट्टी वर आणि खाली चार-चार इंच कापून तिथे बारीक जाळी बसवली, म्हणजे हवा फिरेल पण पाल आत येणार नाही. स्टँड काढून फिगर्स थेट काचेच्या फळीवर, एकमेकींना न टेकता. त्यामुळे जागा अपुरी पडली आणि ३० फिगर्स साध्या न विरंजलेल्या सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत गेल्या, दर तीन महिन्यांनी अदलाबदल. खोलीत ओल शोषणारे यंत्र आणले. ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज चार तास चालते. जुलैत त्याच्या टाकीत दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी जमते. पहिल्या दिवशी ती टाकी आईंनी शेजारणीला बोलावून दाखवली.

मास्तरांनी वही घातली आहे. तारीख, वेळ, खोलीची आर्द्रता, वरच्या फळीचे तापमान, शेरा. २०२५च्या पावसाळ्यात वरची फळी ३१ अंशांच्या वर गेली नाही. ६७पैकी ११ फिगर्सना पुन्हा हलका चिकटपणा आला, एका धुण्यात गेला. तोटाही लिहिलेला आहे. जाळीतून धूळ येते. आणि जाळी बसवण्याआधीच्या आठवड्यात कुंभारमाशीने हल्कच्या वळलेल्या मुठीत मातीचे घर बांधले. मास्तरांनी ते खरवडले नाही, पिल्ले उडून जाईपर्यंत हल्क ओसरीवर उभा होता.

सीलबंद खोकी

राहिली ती २३ खोकी. क्लिंग फिल्म काढली, पण आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. खोके उघडले की किंमत निम्म्यावर येते, न उघडावे तर आतल्या प्लास्टिकच्या तबकात फिगर बसून राहणार, कोंडलेल्या हवेत. मी म्हटले, तीन उघडून पाहू. मास्तरांनी तीन निवडायला दोन आठवडे लावले. दोन चिकट निघाल्या, एक कोरडी. या नमुन्यावरून उरलेल्या वीसांबद्दल काय ठरवायचे यावर आमचे एकमत झाले नाही. सगळी उघडावीत असे माझे म्हणणे आहे. मास्तर वर्षाला एक उघडणार आहेत, चवथीच्या आदल्या दिवशी, आणि कोणते ते भाच्याने ठरवायचे.

२०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती. आदल्या संध्याकाळी गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर भाच्याने आयर्न मॅनचे खोके उचलले. मास्तरांनी टेप ब्लेडने कापली, तबक बाहेर ओढले. फिगर पाठीने तबकाला धरून बसली होती, सुटताना च्यक असा आवाज आला. आईंनी कोमट पाणी आधीच तपेल्यात काढून ठेवले होते.